पेपर वाचताना हातात पेन्सिल, फॉर्म भरताना जरा दम

रविवारचा पेपर घ्या आणि आधी उलटा करा. शेवटच्या पानाच्या तळाशी, सगळ्या जाहिरातींच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत दोन-तीन ओळी असतात. मालक कोण, मुद्रक-प्रकाशक कोण, छापखाना कुठे, संपादक कोण. संपादकाच्या नावाशेजारी बऱ्याचदा एक फुली असते आणि बाजूला लिहिलेलं असतं की कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांची. भिंग लागलं तर भिंग घ्या, पण त्या ओळी वाचा. आमच्या गल्लीत तीस-तीस वर्षं एकच पेपर घेणारी घरं आहेत. मालक कोण म्हणून विचारलं तर ती पेपरचंच नाव सांगतात.

मी नागपुरातल्या एका मराठी दैनिकाच्या जाहिरात विभागात २२ वर्षं नोकरी केली. बर्डीवरची दुकानं, इतवारीतले सराफ, वर्धा रोडवरचे लेआउटवाले म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडून विकणारे, कोचिंग क्लासेस, दवाखाने, सगळीकडे रेट कार्ड घेऊन फिरले. आता शेजारपाजारचे लोक विचारतात, बाई, छापलेलं खरं कोणतं आणि पैसे देऊन छापलेलं कोणतं, हे ओळखायचं कसं? आणि हे दिवसभर फोन करणारे आपला नंबर मिळवतात कुठून? लोकांना हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. मी दोन्हीकडचं काम हाताने केलं आहे, म्हणून सांगते की पैसे मोजणारं गिऱ्हाईक एकच आहे. त्याला पानावर जागा हवी असते आणि तुमचा नंबरही हवा असतो. म्हणून दोन्हींची रीत एकत्रच सांगते. रविवारची सकाळ पुरते.

मालकाचा माग

तळाच्या ओळीत कंपनीचं नाव मिळालं की ते केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधा. नोंदणी कधीची, संचालक कोण, हे तिथे कळतं. जवळच्या वाचनालयात जुने अंक असतील तर आणखी सोपं. १८६७ च्या छापखाना कायद्याखाली दरवर्षी फेब्रुवारी संपला की पहिल्या अंकात 'फॉर्म ४' छापावा लागे. त्यात मालकाचं नाव आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल ज्यांच्याकडे आहे त्यांची नावं असत. १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला. तरी मार्चच्या पहिल्या दिवसांतले जुने अंक काढून ओळीने लावले, तर मालकी कशी सरकत गेली ते दिसतं.

टीव्हीचंही तसंच. २०१४ मध्ये रिलायन्सने नेटवर्क१८ समूह ताब्यात घेतला, त्यातलंच एक मराठी वृत्तवाहिनीचं काम लोकमतच्या भागीदारीत चालतं. डिसेंबर २०२२ मध्ये अदाणी समूहाने एनडीटीव्ही घेतली, २०२४ पासून ती मराठीतही आहे. याच समूहाचा गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. वाहिनीवरची बातमी त्यामुळे खोटी ठरत नाही. पण विदर्भातल्या औष्णिक प्रकल्पांची राख, त्यांचं पाणी, विजेचे दर, यांवर त्या वाहिनीने काही दाखवलं, किंवा काहीच दाखवलं नाही, तर त्या विषयावर दुसऱ्या मालकाचं एक काहीतरी वाचा. वहीच्या एका पानावर दोन रकाने पाडा. डावीकडे आपण बघतो-वाचतो ते पेपर आणि वाहिन्या, उजवीकडे मालक आणि त्याचे बाकीचे धंदे. वीज, सिमेंट, जमीन, शाळा-कॉलेज, दवाखाने. हे पान फ्रिजवर लावून ठेवा.

पेन्सिल आणि पट्टी

आता पेन्सिल घ्या. उघड जाहिरातींवर फुली मारा, त्यांच्याशी आपलं भांडण नाही. जाहिरात जाहिरातीसारखी दिसली तर ती प्रामाणिक आहे, आणि तिच्याच पैशावर पेपर तुम्हाला इतक्या स्वस्तात मिळतो. उरलेल्या मजकुरातून तुम्हाला जो भाग घेरायचा आहे तो बातमीचे कपडे घालून आलेला असतो.

त्याच्या खुणा सांगते. वर किंवा कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'अ‍ॅडव्हर्टोरियल', 'इम्पॅक्ट फीचर', 'कन्झ्युमर कनेक्ट' असं काही लिहिलेलं आहे का पाहा. आमच्याकडे गिऱ्हाईक नेहमी म्हणायचं, "मॅडम, तो शब्द जरा बारीक करा ना." बायलाइनच्या, म्हणजे बातमीदाराच्या नावाच्या, जागी नुसतं 'वाणिज्य प्रतिनिधी' असेल तर दोनदा वाचा. अक्षराचा टाइप शेजारच्या बातमीपेक्षा किंचित वेगळा असतो. दुसरी बाजू कुठेच नसते, एकही तक्रार करणारा माणूस नसतो. संचालकांचा कोटातला फोटो असतो, खाली पूर्ण नाव असतं आणि शेवटी पत्ता नाहीतर फोन नंबर. खऱ्या बातमीच्या शेवटी फोन नंबर कशाला असेल?

घर-प्लॉटच्या मजकुरासाठी एक पक्की कसोटी आहे आणि ती नागपुरात फार उपयोगाची आहे. महारेराकडे, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदवलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावाच लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही द्यावा लागतो. पानभर एखाद्या टाउनशिपचं कौतुक आहे, बागा आहेत, मंदिर आहे, विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पापासून किती मिनिटं ते आहे, पण नोंदणी क्रमांक कुठेच नाही, तर पेन्सिलने जाड गोल करा. बातमी म्हणून छापलं की क्रमांक टाकायची अडचण राहत नाही. क्रमांक असेल तर तो महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा.

हे मी इतकं ठासून का सांगते, त्यालाही कारण आहे. एका वर्षी दसऱ्याच्या आठवडाभर आधी आमच्या वार्ताहराने शहराच्या दक्षिणेकडच्या एका लेआउटची बातमी आणली. प्लॉट विकणं चालू होतं आणि आरएल मिळालेलं नव्हतं. नागपूरकरांना आरएल म्हणजे काय ते सांगायला नको, पण बाहेरून आलेल्यांसाठी सांगते: नागपूर सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर. ते नसेल तर बांधकामाचा नकाशा मंजूर करून घेताना माणूस रडकुंडीला येतो. बातमी कागदपत्रांसकट पक्की होती. त्याच लेआउटवाल्याने दसऱ्याचं जॅकेट घेतलं होतं, म्हणजे पहिल्या पानावर गुंडाळलेलं पूर्ण पान. संध्याकाळी आठच्या सुमारास मला त्याचा फोन आला. तो ओरडला नाही. "जॅकेटचं बघा ना ताई, कसं करायचं" एवढंच बोलला. मी तो निरोप वर पोचवला. तो मी पोचवायला नको होता. बातमी दिवाळीनंतर चार ओळींत, नाव न घेता आली.

मधल्या दिवसांत ज्यांनी बयाणा दिला त्यांतली काही माणसं नंतर ऑफिसच्या जिन्यात भेटली. एकाच्या हातात आमचाच पेपर होता, जॅकेटचं पान चार घड्या घालून ठेवलेलं. त्याने ते मला उलगडून दाखवलं आणि विचारलं, "तुम्हीच छापलं न हे?"

छापलेली बातमी दिसते, न छापलेली दिसत नाही. तिच्यासाठी एक महिना दोन पेपर घ्या, दोन वेगळ्या मालकांचे. एक मराठी आणि एक इंग्रजी किंवा हिंदी घेतला तर उत्तम, नागपुरात तिन्ही भाषांची सोय आहे. गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा, धनत्रयोदशी यांच्या आधीचे पंधरा दिवस निवडा. ज्यांची पानभर जाहिरात आहे त्यांची नावं लिहून काढा आणि त्यांच्याबद्दल एकतरी नावडती बातमी आली का ते पाहा. एखादी गोष्ट एका पेपरात पहिल्या पानावर आणि दुसऱ्यात कुठेच नाही, असं दिसलं की दुसऱ्या पेपरची जाहिरातीची पानं चाळा.

याच्या उलट प्रकार निवडणुकीत दिसतो. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पेपरांत एकाच नेत्याची स्तुती शब्दाला शब्द तीच छापून आली होती. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती पानं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. पुढच्याच वर्षी प्रेस कौन्सिलने, म्हणजे पेपरांच्या वागणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने, 'पेड न्यूज'ची व्याख्या केली: रोखीत किंवा वस्तूच्या रूपात मोबदला घेऊन आलेली कोणतीही बातमी अथवा विश्लेषण. म्हणून निवडणुकीच्या महिन्यात दोन पेपर समोर ठेवून एक परिच्छेद मोठ्याने वाचा, दुसऱ्याने दुसऱ्या पेपरात बोट ठेवून मिळवावा. घरातल्या शाळकरी मुलांना हे काम फार आवडतं.

कंपनीची जाहिरात छापायची आणि पैशाऐवजी तिचे शेअर घ्यायचे, असाही करार असतो. २०१० मध्ये शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने अशा हिश्शाची माहिती वाचकाला द्यायला सांगितलं. शेअर घ्या म्हणणाऱ्या बातमीखाली अशी एखादी ओळ आहे का, एवढं पाहत जा.

कुपन

आता दुसरी बाजू. ही मला जास्त बोचते.

वाचक महिलांसाठी आम्ही स्पर्धा घ्यायचो. पुरवणीत कुपन छापायचं, भरून ऑफिसात किंवा हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात पेटीत टाकायचं, सोडतीत प्रेशर कुकर नाहीतर पैठणी. कुपनात नाव आणि पत्ता पुरला असता. पण रकाने होते वय, फोन, यजमानांचा व्यवसाय, घर स्वतःचं की भाड्याचं, गाडी कोणती, मुलं कितवीत. मुलांच्या इयत्तेचा रकाना एका क्लासवाल्याने मुद्दाम टाकायला लावला होता, कार्यक्रमाचा खर्च त्याचा होता. त्या वर्षी साडेतीन हजार कुपनं आली. मी आणि एक मुलगी, आम्ही दोघींनी पंधरा दिवस बसून ती एक्सेलमध्ये भरली. काही कुपनांवर हळदीची बोटं उमटलेली होती. एका बाईने 'यजमानांचा व्यवसाय' पुढे 'नाहीत' असं लिहिलं होतं. दहावीतल्या मुलांच्या आयांची यादी वेगळी काढून सीडीवर प्रायोजकाकडे गेली. त्या बायकांना कोणी विचारलं नाही.

परवा शेजारच्या काकू फोन घेऊन आल्या. सकाळपासून प्लॉटवाल्यांचे सहा फोन. "माया नंबर यायले देल्ला कोनं वो?" म्हणाल्या. मी विचारलं, मागच्या महिन्यात कुठे काही भरलं का? एका प्रदर्शनात कार सोडतीची चिठ्ठी भरली होती. बस, तेच.

तर फॉर्म समोर आला की पेन खाली ठेवा आणि दोन गोष्टी विचारा: हे कशासाठी लागतं, आणि नाही दिलं तर काय अडतं? सोडतीची चिठ्ठी असेल तर भरूच नका. दुकानात बिलासाठी मोबाइल नंबर मागतात, तो देणं बंधनकारक नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तशी सूचनाच काढली की नंबर दिला नाही म्हणून दुकानाने विक्री नाकारू नये. काउंटरवरच्या पोरावर चिडू नका, त्याला वरून सांगितलेलं असतं. "नंबर नको, कागदाचं बिल द्या" एवढं शांतपणे म्हणा. बर्डीवर मी दर वेळी म्हणते. एखाद्या वेळी मॅनेजरला बोलावावं लागतं, पण बिल मिळतं.

आधारची झेरॉक्स मागितली तर आधी विचारा की दुसरा पुरावा चालेल का. सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगी कंपन्यांना आधारची सक्ती करू दिलेली नाही. द्यावीच लागली तर मास्क केलेलं आधार द्या. ते आधारच्याच संकेतस्थळावरून उतरवता येतं, त्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आणि कुठल्याही झेरॉक्सवर, अक्षरं झाकणार नाहीत अशा बेताने, तिरकं लिहा: कोणाला दिली, कोणत्या कामासाठी, तारीख. मग ती प्रत दुसऱ्या कामाला लावणं अवघड जातं.

फोन

आता मोबाइल. जे काम आम्ही दोघींनी पंधरा दिवसांत केलं ते तिथे पापणी लवायच्या आत होतं. तुम्ही फुकटच्या बातमीवर बोट ठेवता. पान उघडेपर्यंत तुमच्या फोनचा जाहिरात क्रमांक (जाहिरातवाले फोन ओळखतात तो नंबर), शहर, फोनचं मॉडेल, असं बरंच काही जाहिरात कंपन्यांकडे जातं, त्यांच्यात बोली लागते आणि जिंकणाऱ्याची जाहिरात तुमच्यासमोर येते. म्हणून पेपरवाल्यांच्या अ‍ॅपपासूनच सुरुवात करा.

अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात परमिशन मॅनेजर. लोकेशन उघडा. नकाशा आणि टॅक्सीच्या अ‍ॅपला 'वापरत असतानाच' एवढी परवानगी ठेवा, बाकी सगळ्यांची काढा. बातमी दाखवायला तुम्ही कुठल्या गल्लीत आहात हे कशाला कळायला हवं? मग कॉन्टॅक्ट्स उघडा. इथे जास्त वेळ द्या, कारण तुम्ही परवानगी देता तेव्हा तुमच्या बहिणीचा, डॉक्टरांचा, कामवाल्या ताईंचाही नंबर देता आणि त्यांना विचारलेलं नसतं. काकूंच्या फोनमध्ये पंचांगाच्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्स दिलेले होते, टॉर्चच्या अ‍ॅपलाही. आम्ही दोन्ही काढले, पंचांग तसंच चालू राहिलं. त्यानंतर मायक्रोफोन. शेवटी प्रायव्हसीतच किंवा गूगलच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅड्स' असतं, तिथे जाहिरात क्रमांक डिलीट करता येतो. आयफोनमध्ये ट्रॅकिंग नावाच्या पानावर 'अ‍ॅप्सना विचारू द्या' हे बटण बंद करा.

फोन आणि मेसेज थांबवण्यासाठी १९०९ वर START 0 असा मेसेज, म्हणजे इंग्रजीत 'स्टार्ट', मध्ये जागा आणि शून्य, पाठवावा लागतो. लिहिता येत नसेल तर १९०९ वर फोन करा. व्यापारी मेसेज आला की पाठवणाऱ्याच्या नावाचं शेवटचं इंग्रजी अक्षर पाहा. पी असेल तर जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. साध्या दहा आकडी नंबरवरून प्लॉट नाहीतर कर्ज विकायला फोन आला तर तो नियमबाह्य आहे, दूरसंचार नियामक ट्रायच्या डीएनडी (नको असलेले फोन रोखायच्या) अ‍ॅपवर सात दिवसांच्या आत तक्रार करा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवा. आणि फसवणुकीत पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

कायदा कुठे उभा आहे

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या पीठावर आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, पुढे सरन्यायाधीश झाले. डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा यायला मात्र २०२३ उजाडलं, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, आपली माहिती पुसायला सांगता आली पाहिजे, हे सगळं त्यात आहे. पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं नियम आल्यावर १८ महिन्यांनी लागू होतात.

एक गोष्ट मात्र लगेच लागू झाली. याच कायद्याने माहितीच्या अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदललं. आधी 'वैयक्तिक माहिती' म्हणून उत्तर नाकारायचं तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे पाहावं लागे. आता ती अट त्या कलमातून गेली. पत्रकारितेसाठी आधीच्या मसुद्यांत सूट होती, ती अंतिम कायद्यात नाही. आमच्या त्या वार्ताहराने लेआउटची कागदपत्रं माहितीच्या अधिकारातच मिळवली होती. काकूंचा नंबर विकणाऱ्याला दीड वर्षाची सवड आणि कागद मागणाऱ्यापुढे लगेच दार बंद, याचा मला मनापासून राग येतो. तरीही अर्ज करत राहा. सार्वजनिक हितासाठी माहिती देता येते असं सांगणारं कलम ८(२) अजून जागेवर आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा.

तक्रार

पेन्सिलने गोल केलेला मजकूर फारच खटकला तर आधी संपादकांना पत्र लिहा. हे टाळू नका, कारण प्रेस कौन्सिल पहिल्यांदा तेच विचारतं. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर दैनिकाबाबत मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत कौन्सिलकडे तक्रार करता येते. दंड करायचा अधिकार त्यांना नाही, ताकीद देतात, ठपका ठेवतात. मी पेपरच्या ऑफिसात होते म्हणून सांगते, वाचकाचं सहीचं पत्र आलं की वर बैठक होते. निवडणुकीच्या काळात जिल्हाधिकारी कार्यालयात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते, पेड न्यूजची तक्रार तिथे करा.

पत्रासोबत कात्रण लागतं. कापण्याआधी त्याच्यावरच पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक लिहा, कारण कापल्यावर ते आठवत नाही आणि पेपर तोवर रद्दीत गेलेला असतो.